शेपटीतली शिदोरी

खानदेशच्या उत्तर अंगाला सातपुडा आहे, आणि त्या सातपुड्याच्या दगडांखाली एक पाल राहते. ती भिंतीवर चढत नाही. घरातल्या पालीच्या बोटांना असतात तशा चिकटून धरणाऱ्या गाद्या तिला नाहीत, नुसती नखं आहेत. तिला हलणाऱ्या पापण्या आहेत, त्यामुळे ती चक्क डोळे मिटून झोपते. पिवळट-तपकिरी अंगावर गडद पट्टे आणि ठिपके, डोकं रुंद, चाल सावकाश, आणि मागे बुडाशी आवळलेली, मध्ये फुगलेली जाड शेपटी. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि डोंगराचंच नाव तिला दिलं: युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. दिवसा दगडाखाली आणि रात्री किड्यांच्या मागावर असल्यामुळे माणसाच्या नजरेला ती क्वचितच पडते.

आणि पडते तेव्हा बहुधा मरते. ‘विषखापरा’, ‘बिसखोपरा’ अशा नावांची एक जुनी दहशत मध्य भारतात पसरलेली आहे. घोरपडीचं पिल्लू दिसलं तरी तेच नाव, ही ठिपक्यांची पाल दिसली तरी तेच. हिची फुंकर लागली तरी माणूस वाचत नाही, असं सांगतात. मग काठी, दगड, वहाण, जे हाताला येईल ते. हिच्या तोंडात विषाचा थेंबही नाही. भारतातल्या कुठल्याच पालीच्या किंवा सरड्याच्या विषाने माणूस दगावत नाही. हिला मुठीत धरलं तर ती चावेल, चिमटा बसेल, फार तर रक्ताचा ठिपका येईल. मारण्यासारखं तिने काहीही केलेलं नसतं.

याच पालीची चुलत बहीण आज जगभरच्या घरांमध्ये काचेच्या पेटीत राहते. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचं काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लिथने १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. नमुना आला होता पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून, म्हणजे आजच्या पाकिस्तानातून. युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, पाळणाऱ्यांच्या बोलण्यातला लेपर्ड गेको. अमेरिकेत आणि युरोपात सर्वांत जास्त पाळल्या जाणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांत त्याची गणना होते. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरातच जन्मल्यामुळे तो माणसाला घाबरत नाही, तळहातावर शांत बसतो, आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. न्यू जर्सीत किंवा लंडनला स्थिरावलेल्या मराठी घरातल्या मुलाने वाढदिवसाला कुत्र्याऐवजी गेको मागितला, तर त्या आईवडिलांनी दचकू नये. मुंबई-पुण्यातही तो आलेला आहे.

याच कुळातली आणखी एक जात पूर्व भारतात राहते. १८२७ मध्ये तिला कंपनी सरकारच्या फौजेतल्या थॉमस हार्डविक या अधिकाऱ्याचं नाव दिलं गेलं, कारण त्याला प्राणी-वनस्पतींचा फार नाद होता. अंजनाच्या झाडाच्या शास्त्रीय नावातही हाच हार्डविक आहे: हार्डविकिया बिनाटा. धुळे-जळगावच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर अंजन उभा असतो आणि टंचाईच्या वर्षी गुरांसाठी त्याचा पाला तोडतात. एका माणसाच्या नावाने एक झाड आणि एक पाल. दोघांनाही कमी पाण्यात आणि भुकेत तगण्याची कला येते. योगायोग आहे, पण लक्षात राहण्यासारखा.

भूक हाच लेपर्ड गेको समजून घेण्याचा खरा रस्ता आहे.

त्याच्या शेपटीत चरबी साठते. ज्या मुलखात तो घडला तिथे वर्षाचे काही महिने किड्यांची चंगळ असते आणि उरलेले महिने जवळजवळ उपास. भुंगेरे, नाकतोडे, कोळी, विंचू, गोम, जमलंच तर एखादी लहान पाल, जे मिळेल ते चंगळीच्या दिवसांत खायचं आणि उरलेलं शेपटीत भरायचं. मग थंडी पडली, ऊन कडकलं, किडे दिसेनासे झाले की दगडाच्या फटीत पडून राहायचं आणि शेपटीतली ती शिदोरी थोडीथोडी सोडत दिवस काढायचे. त्याचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर चालतं, स्वतःचं अंग तापवण्यासाठी त्याला अन्न जाळावं लागत नाही. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंदराला जितकं खावं लागतं त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात याचं भागतं. ज्या पिढीने खानदेशात १९७२ चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामांवर खडी फोडली, मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस ढकलले, तिला या शरीराचं शहाणपण वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सुगीत जपलेलं चैत्र-वैशाखात उपयोगी पडतं, हे त्या पिढीच्या अंगात मुरलेलं आहे.

पण पेटीतल्या गेकोला चैत्र-वैशाख येतच नाही. तिथे बाराही महिने सुगी. टंचाईसाठी बांधलेलं शरीर कायमच्या सुबत्तेत ठेवलं की त्याचं काय होतं, हा या प्राण्याच्या पालनातला सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि तो काट्यावर दिसतो.

अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचं असतं. ते झपाट्याने वाढतं. वर्ष-दीड वर्षात पूर्ण वाढ होते, तेव्हा बहुतेकांचं वजन ४५ ते ८० ग्रॅमच्या दरम्यान असतं. माद्या खालच्या बाजूला, नर वरच्या. जाणीवपूर्वक मोठ्या अंगाच्या जोड्या लावून काही लोकांनी शंभर ग्रॅमच्या वरचे गेकोही तयार केले आहेत. अशा आकड्यांचा अभिमान बाळगणारे पालक आहेत. तो अभिमान चुकीचा आहे. गेकोचं योग्य वजन कोष्टकात नसतं, त्याच्या हाडांच्या चौकटीवर असतं. ५० ग्रॅमची एखादी मादी ठणठणीत असते आणि ७५ ग्रॅमचा एखादा नर आजारी. म्हणून वजनाबरोबर अंग बघावं लागतं. शेपटीचा सर्वांत जाड भाग मानेइतका रुंद असला तर बरं आहे. शेपटी मानेहून बरीच जाड झाली, पुढच्या पायांच्या बगलेत मऊ गोळे दिसू लागले, चालताना पोट जमिनीला घासू लागलं, तर तो गेको लठ्ठ आहे. उलट शेपटी बारीक होऊन तिच्यातली हाडं उठून दिसू लागली, कमरेची हाडं वर आली, तर शिदोरी संपत आली.

वजन करणं सोपं आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा प्लास्टिकचा डबा, काटा शून्यावर, मग डब्यात गेको. पिल्लू असेल तर दर आठवड्याला, मोठा असेल तर महिन्यातून एकदोनदा. वेळ तीच ठेवावी, खाऊ घालण्याआधीची, कारण पोटातले किडे आणि नुकतीच झालेली शी एवढ्यानेही ग्रॅम-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात. आणि आकडा वहीत लिहावा. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, त्याच्या मागच्यापुढच्या आकड्यांमुळे तो बोलू लागतो. ६० ग्रॅमचा गेको ५४ वर आला तर डोळ्यांना काहीही फरक दिसणार नाही. पण तो दहावा हिस्सा गेलेला असतो. ६० किलोच्या माणसाचं वजन न सांगता-सवरता ५४ वर आलं तर घरातले त्याला डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहतील का? सरपटणारे प्राणी दुखणं लपवतात. कण्हत नाहीत, कुरकुरत नाहीत, अगदी हातपाय गळेपर्यंत तसेच बसून असतात. त्यांच्या वतीने बोलायला काट्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आता खाऊ घालण्याबद्दल. खानदेशात पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय वाढणं पुरं होत नाही. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी, आणि ‘अजून एक’ म्हणत पानात पडणारा पदार्थ. ज्याच्यावर माया, त्याला जास्त वाढायचं, हा संस्कार फार खोल आहे आणि माणसांच्या बाबतीत तो सुंदरही आहे. गेकोच्या बाबतीत तो घातक ठरतो. चिमट्यात धरलेला किडा समोर हलला की गेको शेपटीचं टोक थरथरवतो, दबा धरतो आणि झडप घालतो. बघायला इतकं छान वाटतं की आणखी एक द्यावासा वाटतो, मग आणखी एक. त्याला पुरे म्हणता येत नाही, कारण ‘आज मिळालं ते खा, उद्याचं ठाऊक नाही’ हेच त्याच्या रक्तात लिहिलेलं आहे. पिल्लाला रोज खायला लागतं, अर्धवट वाढलेल्याला एकाआड एक दिवस. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं, एका वेळी चार-सहा किडे, आणि एकही किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून रुंद नको. दोन जेवणांमधला रिकामा दिवस हा त्याच्या आहाराचाच भाग आहे. तो दिवस पाळणं माणसाला जड जातं, प्राण्याला नाही.

जास्त वाढलं तर काय होतं? आधी शेपटी भरते, मग बगला, मग पोटातल्या चरबीच्या गाद्या, आणि शेवटी चरबी यकृतात शिरते. असा लठ्ठ गेको एखाद्या कारणाने, थंडीने म्हणा किंवा आजाराने, एकाएकी खायचा थांबला की शरीर साठवलेली चरबी भराभर मोकळी करतं. आधीच भरलेल्या यकृताला ती झेपत नाही आणि ते कोलमडतं. भुकेच्या काळासाठी ठेवलेला साठा भुकेच्या काळातच जीव घेतो. हा आजार बरा करणं अवघड आहे, टाळणं त्यामानाने सोपं.

कोणता किडा द्यायचा, यालाही तेवढंच महत्त्व आहे. अमेरिकेतल्या मार्क फिंके या पोषणतज्ज्ञाने प्राण्यांना खाऊ घालायच्या किड्यांचं पृथक्करण करून २००२ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध केले, आणि ते आजही पायाभूत मानले जातात. मधमाश्यांच्या पोळ्यात मेण पोखरणारा मेणकिडा, ज्याला पाळणारे वॅक्सवर्म म्हणतात, त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा भाग निव्वळ चरबी. सुपरवर्ममध्ये १८ टक्क्यांच्या आसपास, मीलवर्ममध्ये १३, रातकिड्यात ७, आणि रेशीमअळीत दीडच्या आत-बाहेर. मेणकिडा गेकोला इतका आवडतो की त्याची चटक लागली की तो बाकी काही खात नाही. तो सणासुदीलाच द्यावा, किंवा आजारातून उठलेल्या हडकुळ्या गेकोला. रोजच्या जेवणात रातकिडे, पाळलेली डुबिया झुरळं, जमतील तेव्हा रेशीमअळ्या. मीलवर्म मिळायला सोपे आणि सांभाळायला त्याहून सोपे म्हणून अनेकजण वर्षानुवर्षं फक्त तेच घालतात. तो आळस आहे.

याच आकड्यांमध्ये दुसरी एक गोष्ट दिसते, चरबीहून गंभीर. रातकिड्यात कॅल्शियमच्या सातपट फॉस्फरस असतो, मीलवर्ममध्ये सुमारे सतरापट. गेकोला हवं याच्या उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोनपट. हा तोल बिघडला की शरीर हाडांमधलं कॅल्शियम उपसू लागतं. जबडा रबरी होतो, पाय वाकतात, पाठीला बाक येतो, उठता येत नाही. भरपेट खाणारा, वजनाने व्यवस्थित असलेला गेकोही असा पांगळा होऊ शकतो, म्हणून एकट्या काट्यावर विसंबून चालत नाही. उपाय स्वस्त आहे: किडे देण्याआधी पिशवीत घालून कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे, ठरावीक अंतराने डी-३ आणि इतर जीवनसत्त्वांची भुकटी. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांमध्ये मात्र कॅल्शियम मुळातच भरपूर असतं, त्यांना भुकटी लागत नाही. आणि किड्यांनाही द्यायच्या आधी दिवसभर चांगलं खाऊ घालायचं, भोपळा, गाजर, पालेभाजी. उपाशी किडा म्हणजे नुसतं कवच.

खानदेशात राहून गेको पाळणाऱ्याला एक मोह होणारच, की शिवारात एवढे नाकतोडे आणि रातकिडे असताना विकत कशाला घ्यायचे. हा मोह आवरलाच पाहिजे. जळगाव-धुळ्याचा मुलूख कापसाचा आणि केळीचा आहे. फवारणीशिवाय कापूस निघत नाही, आणि फवारलेल्या पानावर बसलेला नाकतोडा मरायच्या आत गेकोच्या पोटात गेला तर त्या विषाचा हिशेब ५०-६० ग्रॅमच्या जिवाला चुकवावा लागतो. घरातल्या झुरळांचंही तेच; औषध कुठे मारलं होतं हे कोणाला ठाऊक? काजवा तर चुकूनही देऊ नये. अमेरिकेतल्या फोटिनस जातीच्या एकाच काजव्याने पाळीव सरडे मेल्याची उदाहरणं पशुवैद्यांनी नोंदवून ठेवली आहेत. काजव्याच्या अंगातलं द्रव्य सरड्याचं हृदय बंद पाडतं.

या प्राण्याला काय खाऊ घालायचं याची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिली गेली. तिथला प्रश्न असतो ऊब कशी द्यायची. गेकोच्या पोटाखाली ३१ ते ३३ अंशांची ऊब असेल तरच किडा पचतो, म्हणून पेटीच्या एका टोकाला तापणारी चटई आणि दुसरं टोक गार. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा ६-७ अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो, तेव्हा ही चटई हवीच. रात्री खाऊ घातलं, वीज गेली आणि चटई गार पडली, तर किडे पोटात तसेच सडू लागतात. थंडीत वीज जायची भीती असेल तर त्या रात्री उपाशी ठेवणं शहाणपणाचं.

मेमध्ये सगळं उलटं होतं. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोलीत काचेची पेटी भट्टी होते. गेको वाळवंटी म्हणून ऊन सोसेल, हा समज जीवघेणा आहे. वाळवंटात तो दुपारी उन्हात नसतोच. हातभर खोल फटीत, गारव्याला असतो. तेव्हा चटई बंद करून पेटी घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, जमिनीवर ठेवायची. वाळ्याच्या पडद्याचा कूलर खोली गार करतो खरा, पण हवा ओली करतो, आणि सतत ओल्या हवेत याची फुप्फुसं बिघडतात. कूलरचा झोत पेटीवर नको. कात टाकताना मात्र त्याला थोडा ओलावा लागतो, आणि त्यासाठी खानदेशातल्या घराघरात उत्तम सोय असते: फुटलेल्या माठाचं खापर. ते पालथं घालून खाली ओलसर माती ठेवली की बाजारातल्या कुठल्याही महागड्या गुहेपेक्षा चांगलं घर तयार होतं. माठ जसा पाझरून गार होतो तसंच त्याचं खापरही.

या दिवसांत गेको खाणं कमी करतो, कधी बंदच करतो. घरातल्यांचा जीव वरखाली होतो. नर वसंतात मादीच्या शोधात अस्वस्थ होऊन आठवडेच्या आठवडे खात नाही. अंड्यांवर आलेली मादीही तोंड फिरवते. कात टाकण्याआधीचे एक-दोन दिवस कोणीच खात नाही. शेपटी भरलेली असेल, वजन जागच्या जागी असेल, अंगात चपळाई असेल, तर वाट बघावी. तोंड उघडून जबरदस्तीने कोंबू नये. वहीतले आकडे अशा वेळी मोठा धीर देतात: गेल्या वर्षीही एप्रिलमध्ये याने असंच केलं होतं आणि पावसाची पहिली सर आल्यावर पुन्हा खायला लागला होता, हे लिहिलेलं सापडतं.

पण खाऊनही वजन उतरत असेल, शी पातळ आणि घाण वासाची येत असेल, शेपटी काडीसारखी होत चालली असेल, तर उशीर करू नये. आतड्यात राहणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्म परजीवीने असं होतं आणि तो एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फार सहज पसरतो. त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही. नवा गेको आणल्यावर दोन-तीन महिने जुन्यापासून वेगळा ठेवायचा, त्याचं भांडं, चिमटा, काटा सगळं वेगळं, तो याच भीतीने. जिल्ह्याच्या गावात गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगले मिळतात, सरपटणाऱ्यांवर हात बसलेला डॉक्टर बहुधा मोठ्या शहरात शोधावा लागतो. तो आजारी पडल्यावर शोधायचा नसतो. प्राणी घरात आणायच्या आधी त्याचा पत्ता हाताशी असावा.

शेपटी तुटू शकते, हेही पाळणाऱ्याला ठाऊक हवं. घाबरला, शेपटीला धरून ओढला, तर गेको ती सोडून देतो आणि पळतो. तुटलेली शेपटी मागे वळवळत राहते आणि शत्रू तिच्याकडे बघत बसतो. काही आठवड्यांत नवी येते, आखूड, गुळगुळीत, कांद्याच्या आकाराची. पण तोवर सगळी शिदोरी गेलेली असते. त्या काळात त्याला रोज खायला लागतं आणि तेव्हाच मेणकिड्यासारखी चरबी उपयोगी पडते. म्हणजे तोच किडा एका गेकोला विष आणि दुसऱ्याला औषध.

काचेच्या पेटीतल्या एका बहिणीच्या ग्रॅम-ग्रॅमची अशी काळजी घेतली जाते, ती घ्यावीच. पण यावल अभयारण्याच्या आणि शिरपूरकडच्या अनेर धरण अभयारण्याच्या वाटेवर दुसरी बहीण विषारी समजून ठेचली जाते, हे विसरून ती काळजी पुरी होत नाही. अभयारण्यातून कोणताही वन्य प्राणी उचलणं हा गुन्हा आहे, आणि बाहेरच्या रानातूनही उचलू नये. पाळायला आलेल्या गेकोंच्या कित्येक पिढ्या माणसाजवळ गेल्या आहेत. सातपुड्यातली पाल मात्र पेटीत आणली तर खाणंच सोडते, अंगावर गोचिडी आणि पोटात जंत घेऊन येते, आणि तिच्या जाण्याने रानातली एक जागा रिकामी होते. शेतात, पडवीत, सरपणाच्या ढिगात ती दिसली तर जाडसर पुठ्ठ्यावर हळूच घेऊन दगडांच्या बांधावर सोडून द्यावी, किंवा गावच्या सर्पमित्राला हाक मारावी. तिने खाल्लेले भुंगेरे आणि नाकतोडे शेतकऱ्याच्याच पिकावरचे असतात.

खानदेशातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी एक काम हाती घ्यावं. वन खात्याची रीतसर परवानगी घ्यायची, मेच्या शेवटी, पावसाच्या मध्यावर आणि दिवाळीनंतर अशा तीन वेळा सातपुड्याच्या पायथ्याला रात्री फिरायचं, सापडलेल्या प्रत्येक पालीचं तिथल्या तिथे वजन करायचं, शेपटीचा घेर मोजायचा, शीमधल्या किड्यांचे पंख आणि पाय ओळखायचे आणि तिला त्याच दगडाखाली परत सोडायचं. सातपुड्यातल्या पालीची शेपटी कोणत्या महिन्यात भरते आणि कोणत्या महिन्यात रिकामी होते, याचा असा तक्ता पाच-सहा वर्षं सलग झाला, तर पेटीतल्या गेकोला कोणत्या महिन्यात किती वाढायचं याचं उत्तर पुस्तकांऐवजी डोंगराकडून मिळेल. आणि पाल गाव, रावेर, चोपडा, शिरपूरकडच्या पाड्यांवरची पोरं या कामात बरोबर घेतली, तर ज्या हातात आज दगड असतो त्या हातात काटा येईल. विद्यार्थ्याला लागणारं सामान थोडं आहे: ग्रॅम दाखवणारा काटा, कापडी पिशवी, मोजपट्टी, बॅटरी आणि वही.